धर्मसभेंत रयत कोठें होती?

(गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



दिवसभर रानांत राबून, जनावरांना वैरण घालून तुम्ही मंडळी येथें येऊन बसलां, याबद्दल मी आभारी आहें. आजचा विषय ऐकून पुष्कळांनीं नाक मुरडलें असेल. रोमन कॅथॉलिक पाद्र्यांच्या धर्मसभा, त्याहि चारशें-साडेचारशें वर्षांपूर्वींच्या, आणि त्यांतून गोव्यांतल्या! यांत आपल्या कुणब्या-बलुतेदारांचें काय अडलें आहे? तेव्हां हें प्रकरण माझ्या गळ्यांत कसें पडलें तें आधीं सांगतों.

मागच्या हिवाळ्यांत शाळेचीं मुलें घेऊन आम्ही जुन्या गोव्यास गेलों होतों. एका मोठ्या चर्चमध्यें प्रार्थना चालू होती आणि पाद्रीबोवा कोंकणींत बोलत होते. आमच्या लोहाराचा पोरगा माझ्या कानाशीं लागून म्हणाला, "गुरुजी, ह्ये तर निम्मं कळतंय की!" आमच्या देवळांतल्या पूजेचें त्याला निम्मेंहि कळत नाहीं, हें त्याच्या मनांत असावें. परत आल्यावर त्यानें घरीं सांगितलें, आणि एके दिवशीं मी विळ्याला धार लावून घ्यावयास गेलों तर त्याचा बाप मला विचारतो, "मास्तर, त्यांच्यात पाद्री कोन हुतो वो? आमच्यावानी लोहाराचं पोर हुतं का?"

प्रश्न साधा, पण मला उत्तर येईना. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांला हजेरीपत्रक कसें भरावें हें शिकविलें. असलें कांहीं कोणी शिकविलें नाहीं. मग तालुक्याच्या ग्रंथालयांतून पुस्तकें आणून वाचलीं. प्रश्न विचारणारा गृहस्थ तेथें मागें खांबाला टेकून बसला आहे. आजचें बोलणें मुख्यतः त्याच्यासाठीं आहे.

प्रथम धर्मसभा म्हणजे काय तें सांगतों. कॅथॉलिक पंथांत सर्वांच्या वर रोमचे पोप. सगळ्या जगांतील बिशपांची मोठी सभा क्वचित् भरते, आणि एका आर्चबिशपच्या हाताखालच्या मुलुखाची जी लहान सभा भरते तिला प्रांतिक धर्मसभा म्हणतात. युरोपांत ट्रेंट या गांवीं १५४५ पासून १५६३ पर्यंत, मध्यें खंड पडत पडत, एक मोठी सभा चालली. तिनें ठरविलें कीं, दर तीन वर्षांनीं प्रांतिक सभा भरवावी आणि पाद्री तयार करण्यासाठीं ठिकठिकाणीं पाठशाळा काढाव्या. गोव्यांत पोर्तुगीज १५१० मध्यें आले. तेथें पुढें आर्चबिशप बसला, आणि त्याची हद्द आफ्रिकेच्या टोंकापासून थेट चीन-जपानपर्यंत! अशा गोव्यांत पांच प्रांतिक सभा झाल्या : १५६७, १५७५, १५८५, १५९२ आणि १६०६ मध्यें. तीन वर्षांचा नेम पाळला गेला नाहीं हें उघड आहे. आपल्या ग्रामसभेचेंहि तसेंच असतें.

आणखी एक गांठ ध्यानांत ठेवा. गोव्याचा बिशप कोणीं निवडावयाचा? पोर्तुगालच्या राजानें. पोपनें हा अधिकार राजाला दिला होता, आणि बदल्यांत राजानें चर्चें बांधावीं, पाद्र्यांचा खर्च चालवावा, असा करार होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. म्हणजे एका हातांत क्रूस आणि दुसऱ्या हातांत सरकारी तिजोरीची किल्ली. हें नसतें तर पुढची कहाणी निराळी झाली असती.

पहिल्या सभेंत, १५६७ मध्यें, कोण बसले होते? बिशप किंवा त्यांचे मुखत्यार, निरनिराळ्या संन्यासी संघांचे प्रमुख, शास्त्री-पंडित. रयतेपैकीं कोणी नाहीं. त्या सभेनें आरंभीं एक चांगलें वाक्य लिहून ठेवलें : बळानें किंवा धाकानें कोणालाहि ख्रिस्ती करूं नये. वाचून मला बरें वाटलें. पण पानें उलटावीं तों त्याच सभेचे दुसरे ठराव : हिंदूंचे धर्मोपदेशक, जोशी, जोगी यांना मुलुखाबाहेर घालवावें, त्यांच्या पोथ्या जप्त कराव्या, उघड उत्सव होऊं देऊं नयेत, प्रत्येक गांवच्या हिंदूंची यादी करून त्यांनीं पाळीपाळीनें रविवारीं ख्रिस्ती प्रवचनास येऊन बसावें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्हाइसरॉय आंतांव द नोरोन्या यानें यांतील पुष्कळ ठरावांना कायद्याचें रूप दिलें. बळ नको, पण हजेरी सक्तीची! मास्तर लोकांना हजेरीचें मर्म चांगलें ठाऊक असतें. पोरगें वर्गांत बसलें म्हणजे शिकलें असें नाहीं, पण न बसलें तर बापाला बोलावणें जातें.

सभा भरण्याच्या आधींच पुष्कळ कांहीं होऊन गेलें होतें. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरचीं देवळें पाडलीं गेलीं, आणि १५४१ मध्यें त्या देवळांच्या इनाम जमिनींचें उत्पन्न नव्या धर्माच्या कामाकडे लावण्यांत आलें. देव बदलला, पण जमीन कसणारा तोच राहिला आणि खंड घेणारा वरतीं बदलला. १५६० मध्यें इन्क्विझिशनची कचेरी आली. तिच्याविषयीं स्वतंत्र व्याख्यान द्यावें लागेल.

कारागीर मंडळींसाठीं दोन ठराव सांगण्यासारखे आहेत. ख्रिस्ती माणसानें हिंदु वैद्याचें औषध घेऊं नये, हिंदु न्हाव्याकडून दाढी करून घेऊं नये. तसेंच ख्रिस्ती कारागिरानें हिंदूंच्या देवांच्या मूर्ति घडवूं नयेत, आणि ख्रिस्ती मूर्ति हिंदु कारागिराकडून घडवून घेऊं नयेत. कागदावर ठराव झाला. पण हिंदु वैद्य पुढेंहि पोर्तुगीज मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या वाड्यांत जात-येत राहिले. ज्याच्या हातांत गुण आहे त्याला ठरावानें बाहेर ठेवतां येत नाहीं, आणि खोकला कांहीं धर्म विचारून येत नाहीं.

आतां भाषेची गोष्ट. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मी स्वतः शिकविणारा माणूस आहें. पोर्तुगालहून आलेल्या पाद्र्याला येथल्या कुणब्याची बोली येत नसे. कुणबी पापाची कबुली द्यावयास आला तर मध्यें दुभाषी बसवावा लागे. विचार करा, बाईमाणसानें आपल्या मनांतलें दुभाष्यासमोर काय सांगावें? म्हणून या सभांतून लोकभाषेची गरज पुन्हां पुन्हां पुढें आली, आणि १६०६ च्या पांचव्या सभेनें स्पष्टच ठरविलें कीं, ज्याला गांवची भाषा येत नाहीं त्याला गांवचें चर्च देऊं नये, आणि असलेल्यानें ठराविक मुदतींत ती शिकावी.

या भाषेच्या कामांत एका माणसाचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. टॉमस स्टीफन्स, जातीचा इंग्रज, जेजुइट संघाचा पाद्री. तो १५७९ मध्यें गोव्यास आला आणि सुमारें चाळीस वर्षें बहुतेक साष्टींतच राहिला. १५८३ मध्यें त्याच साष्टींत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेजुइटांना ठार मारलें. तेथल्या रयतेच्या मनांत काय खदखदत होतें हें त्यावरून कळतें. अशा मुलुखांत या माणसानें लोकांची भाषा शिकून मराठी ओव्यांत ख्रिस्ताचें चरित्र रचलें. तें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें, तेंहि रोमन अक्षरांत. दहा हजारांहून अधिक ओव्या! नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, त्यांना ऐकावयास कांहीं हवें होतें, म्हणून हें पुराण झालें. त्यानें कोंकणी भाषेचें व्याकरणहि लिहिलें. तें त्याच्या मरणानंतर १६४० मध्यें छापलें. आमच्या बोलीला व्याकरण असतें हें पोथीवाल्यांनीं नाहीं, तर एका परक्या पाद्र्यानें छापून दाखविलें.

इतकें झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग काय वाईट? पोथी आपल्या बोलींत आली, पाद्र्याला आपली बोली शिकावी लागली. मलाहि तसेंच वाटलें होतें. पण लोहारदादांचा प्रश्न निराळा होता. पोथी कोणाच्या भाषेंत हें त्यांनीं विचारलें नव्हतें. ती सांगणाऱ्याच्या आसनावर कोण बसतो, हें विचारलें होतें.

त्याच १६०६ च्या सभेनें, ज्या सभेनें लोकभाषेचा ठराव केला त्याच सभेनें, दुसरा ठराव केला. पाद्रीपदाची दीक्षा देशी माणसांपैकीं कोणाला द्यावी? ब्राह्मण, परभू, अथवा ज्या जाती थोर मानल्या जातात अशांच्याच मुलांना. कारण काय दिलें? खालच्या जातीचा पाद्री झाला तर बाकीचे ख्रिस्ती त्याला मान देणार नाहींत. मीं हें दोनदां वाचलें. बाप्तिस्म्याचें पाणी सर्वांच्या डोक्यावर सारखें, परंतु वेदीजवळ जाण्याची वाट जुन्याच उंबऱ्यावरून! आणि कारण तरी कसें, लोक मान देत नाहींत म्हणून. आपल्याकडे विहिरीपासून शाळेपर्यंत हेंच कारण किती वेळां ऐकलें आहे, तें तुम्हांला सांगावयास नको.

हें फक्त गोव्यांत झालें असें समजूं नका. समुद्रापलीकडे, अमेरिकेंत, स्पेनच्या राजाचा अंमल होता आणि तेथल्याहि चर्चचा कारभार राजाच्याच हातीं होता. मेक्सिकोंत १५५५ मध्यें पहिली प्रांतिक सभा भरली. तिनें मूळच्या रहिवाशांना दीक्षा देऊं नये असें ठरविलें. पेरू देशांत लिमा शहरीं दुसरी सभा भरली ती बरोबर १५६७ मध्यें, गोव्याच्या पहिल्या सभेच्याच वर्षीं. तिचाहि ठराव तोच. मग १५८२-८३ मध्यें लिमा येथें तिसरी सभा झाली. तिनें तेथल्या शेतकऱ्यांच्या केचुआ आणि आयमारा या भाषांत धर्माचीं प्रश्नोत्तरें तयार करविलीं. तें पुस्तक १५८४ मध्यें निघालें, आणि सबंध दक्षिण अमेरिकेंत छापलेलें पहिलें पुस्तक तेंच. म्हणजे तिकडे कातडीचा रंग आडवा आला, इकडे रंग आणि जात दोन्ही. पण दोन्हीकडे उत्तर देणाऱ्याला भाषा मिळाली, प्रश्न विचारणाऱ्याची जागा मिळाली नाहीं.

बरें, ज्यांना १६०६ च्या ठरावानें वाट मोकळी केली त्या ब्राह्मण ख्रिस्तींना तरी मान मिळाला काय? तोहि नाहीं. जेजुइट संघानें पेरो लुईस नांवाच्या एका ब्राह्मणाला घेतलें, आणि पुढें दीर्घकाळ दुसरा देशी माणूस घेतला नाहीं. दिवाडी बेटावर जन्मलेला मातेउश द काश्त्रु हा ब्राह्मण ख्रिस्ती तरुण पाद्री होऊं इच्छीत होता. गोव्याच्या आर्चबिशपनें त्याला दीक्षा नाकारली. तो गडी इराण-तुर्कस्थानाच्या वाटेनें रोमला गेला. रोममध्यें १६२२ मध्यें धर्मप्रसाराचें एक स्वतंत्र खातें निघालें होतें, प्रोपागांदा फीदे. राजांच्या हातून हें काम सोडवावें आणि देशोदेशीं देशी पाद्री तयार करावे, असा त्या खात्याचा हेतु होता. तेथें त्याला दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्यें तो बिशपहि झाला. मग तो परत आला, विजापूरच्या आदिलशाहींत, डिचोलीस राहिला, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशीं जन्मभर भांडला. १६५३ मध्यें त्यानें गोव्यांतील ब्राह्मण ख्रिस्तींना उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या नांवाचें पत्रक लिहिलें आणि पोर्तुगीजांच्या जुलुमाविरुद्ध त्यांना चेतविलें.

या माणसाविषयीं माझ्या मनांत आदर आहे आणि कुरकूरहि आहे. गोऱ्या पाद्र्यांचा गर्व त्यानें उघडा पाडला, पण त्याच्या आरशांत फक्त ब्राह्मणाचेंच तोंड दिसत होतें. चारडो, म्हणजे गोव्यांतले क्षत्रिय म्हणविणारे ख्रिस्ती, त्याला कमी वाटत. आणि सुदीर, म्हणजे शूद्र ख्रिस्ती, ते तर हिशेबांतच नव्हते. चर्चच्या उत्सवाचा मान, मिरवणुकींतली जागा, धर्ममंडळाचें सभासदत्व, हें सारें गोव्यांत पुढें कित्येक पिढ्या जातीवरच ठरत आलें. पुष्कळ गांवीं उत्सवाचा मान गांवकर घराण्यांचा, कारण गांवच्या जमिनीचा मालकी वांटा त्यांचा.

रोमच्या खात्यानें १६५९ मध्यें आशियांत जाणाऱ्या आपल्या माणसांना लेखी सूचना दिल्या. त्यांचा मतलब असा कीं, लोकांच्या रीतिभाती, पोशाख, चालीरीति धर्माला वा नीतीला सरळ बाधक नसतील तर बदलावयास लावूं नका. युरोप देश उचलून तिकडे नेण्याचा वेडेपणा करूं नका. देशी पाद्री तयार करा. सूचना शहाणपणाच्या होत्या. पण रोमचा कागद गोव्याच्या बंदरांत अडत असे, कारण बंदर राजाचें. वरून आलेल्या चांगल्या परिपत्रकाचें खालच्या कचेरींत काय होतें, हें आम्हां मास्तरांना नवें नाहीं.

आणि मग भाषेचाहि घास परत काढून घेतला. १६८३ च्या अखेरीस छत्रपति संभाजी महाराजांची फौज गोव्यांत शिरली. साष्टी-बारदेशांत तिनें धुमाकूळ घातला आणि पोर्तुगीजांचा जीव मेटाकुटीस आला. त्या वेळचा व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट. त्यानेंच थोड्या महिन्यांनीं, २७ जून १६८४ रोजीं, हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत देशी लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें. पाद्र्यांनीं लोकांची भाषा शिकावी हा १६०६ चा ठराव. लोकांनींच पाद्र्यांची भाषा शिकावी हा १६८४ चा हुकूम. मध्यें ७८ वर्षें. पुढें १७४५ मध्यें तर आर्चबिशपनेंच फर्मान काढलें कीं, पोर्तुगीज येत नसेल त्याचें लग्न लावूं नये. नांगर धरणाऱ्या पोरानें लग्नासाठीं परकी भाषा घोकावी! खेड्यांतल्या बायकांनीं काय केलें असेल? त्यांनीं घरांत कोंकणीच चालू ठेवली. ती टिकली म्हणून आमच्या पोराला परवां निम्मी कळली. १८५८ मध्यें कुन्य रिव्हारा नांवाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेंच कोंकणीचा इतिहास छापून या हुकुमांना दोष दिला, हेंहि सांगितलें पाहिजे. सगळेच एका माळेचे मणी नव्हते.

बाकीचा भाग भराभर सांगतों, कंदील-बत्ती मिणमिणूं लागली नसली तरी तुमचे डोळे मिणमिणत आहेत. १७६१ मध्यें लिस्बनहून कायदा आला कीं, देशी ख्रिस्ती आणि पोर्तुगीज यांचा दर्जा सारखा. गोव्यांतल्या अधिकाऱ्यांनीं तो असा दडपला कीं १७७४ मध्यें पुन्हां ताकीद द्यावी लागली. १७८७ मध्यें बढत्या नाकारलेल्या देशी पाद्र्यांनीं व शिपायांनीं कट केला; तो फुटला आणि कित्येकांना फांशी झाली.

येथें एक गैरसमज काढून टाकतों. जोतीराव फुले ज्या पाद्र्यांच्या शाळेंत शिकले ते स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे. पोर्तुगीज राजाशीं किंवा या धर्मसभांशीं त्यांचा संबंध नव्हता. सगळे पाद्री एकच असें आपल्याकडे सरसकट बोलतात, तें बरोबर नाहीं.

आणि दुसरें. पोथी लोकभाषेंत असली तरी मुख्य पूजा, जिला मिस्सा म्हणतात, ती लॅटिनमध्येंच चाले. कुणब्याला संस्कृत जितकें कळे तितकेंच लॅटिन. ती अट १९६२ ते १९६५ पर्यंत रोममध्यें भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें सैल केली. त्यानंतर गोव्यांत कोंकणींत आणि वसईंत मराठींत मिस्सा होऊं लागली. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सोप्या मराठींत आणलें, आणि २०२० मध्यें धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आसनाचें म्हणाल तर, १९२३ मध्यें तमिळ मुलुखांत तुतिकोरिनला तिबुर्तियुस रोश हे बिशप झाले. लॅटिन रीतीच्या चर्चमध्यें या काळांतले ते पहिले भारतीय बिशप. १९५० मध्यें व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्यें भारताचे पहिले कार्डिनल. जातीची गोष्ट मात्र त्याहून सावकाश चालली. दक्षिणेंत कांहीं ठिकाणीं ख्रिस्ती मेल्यावरहि वेगळ्या दफनभूमींत गेले. २०१६ मध्यें भारतांतील कॅथॉलिक बिशपांच्या मंडळानें दलित ख्रिस्तींविषयींचें धोरण जाहीर केलें, आणि चर्चमध्यें भेदभाव होतो हें स्वतः लिहून कबूल केलें.

२७ ऑगस्ट २०२२ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रोममध्यें नवे कार्डिनल केले. त्यांत दोघे भारतीय होते. एक गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव, ज्यांच्या गादीवरून १६०६ चा ठराव झाला होता. दुसरे हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. दलित समाजांतून कार्डिनल झालेले ते पहिलेच. दोघांना एकाच दिवशीं, एकाच हातानें लाल टोपी मिळाली. मधल्या काळाचा हिशेब मीं केला, तो ४१६ वर्षांचा भरतो.

तेव्हां दादा, तुमच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे : आज होतें, नियमांत आडकाठी नाहीं; पण तेव्हां झालें नसतें, आणि तें कां झालें नसतें तें लिहून ठेवलेलें आहे. तुमचा पोरगा पुढें बसला आहे. त्यानें मला वाटेंत आणखी एक विचारलें, कीं त्या सभेंत बसलेल्यांना हा ठराव करतांना कोणी कांहीं बोललें नाहीं का? त्याचें उत्तर अजून मला सांपडलेलें नाहीं. कोणास कांहीं विचारावयाचें असेल तर आतां विचारा. सकाळीं पाण्याची पाळी कोणाची आहे तो मात्र उठला तरी चालेल.